पाणंद आधी, गाडी मागून

शेतमाल पिकविणे व तो बाजारात पोचविणे ही दोन कामे निराळी आहेत. परंतु शेतकऱ्याच्या पदरी पडणारा पैसा दोहोंवर सारखाच अवलंबून असतो. पहिल्या कामासाठी आपण बी, खत, पाणी व औषध यांचा विचार वर्षभर करतो. दुसऱ्या कामाचा विचार मात्र माल काढून झाल्यावर, आणि बहुधा गाडी चिखलात रुतल्यावर सुचतो. कळवण तालुक्याच्या शिवारांत मालवाहू मोटारींची संख्या अलीकडे फार वाढली आहे. त्यांनी पुष्कळ सोय केली हे कोणीही नाकारणार नाही. पण त्या मोटारी सडक सोडून पाणंदीत, नाल्यात, नांगरटीत आणि डोंगरउतारावर घालण्याची जी चाल पडली आहे, तिचा जमाखर्च कोणी नीट मांडलेला दिसत नाही. तो मांडावा आणि त्यावरून आमचे मत वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ही वाहने आपल्याकडे कशी आली हे आधी पाहू. जीप ही मूळची दुसऱ्या महायुद्धातील लष्करी गाडी. ती चिखल, वाळू आणि डोंगर यांसाठीच बनविलेली होती. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत महिंद्र कंपनीने विलिस जीपचे भाग आणून ती जुळविण्यास आरंभ केला, आणि तेव्हापासून ही गाडी हळूहळू खेड्यांत शिरली. १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीने जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील कारखान्याची तीनचाकी मालगाडी येथे बनविली. त्या गाडीचे 'टेम्पो' हे नाव इतके रूढ झाले की पुढे कोणत्याही लहान मालमोटारीस लोक टेम्पोच म्हणू लागले. २००५ साली टाटांची लहान चारचाकी गाडी आली व तिचे 'छोटा हत्ती' असे बारसे लोकांनीच केले. पिकअप तर आता घरोघरची झाली आहे, आणि बोलेरो ही गाडी आपल्या नाशकातच तयार होत असल्यामुळे तिजविषयी एक प्रकारची आपुलकीही आहे. परंतु येथेच एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मूळच्या जीपमध्ये चारही चाकांस शक्ती पोचविण्याची योजना होती. आपल्याकडील बहुतेक पिकअप गाड्यांत ती फक्त मागील दोन चाकांस पोचते. चेहरा जीपचा आहे, म्हणून पायही जीपचे असतील असे समजून चालणे फसवे आहे.

आता आपल्या तालुक्याची भूमी पाहा. दक्षिणेस सातमाळ्याची रांग, उत्तरेस बागलाणच्या बाजूचे डोंगर, आणि मध्ये गिरणा व पुनद यांची खोरी. नदीकाठी काळी जमीन, तिच्यावर मध्यम व बरड, आणि पश्चिमेस कनाशी-दळवटकडे उतारावरची हलकी जमीन व अधिक पाऊस. अशा भूमीत एकाच शेतकऱ्याच्या गाडीस एका फेरीत काळा चिखल, नदीची वाळू, खडकाळ चढ आणि ओढ्याचे पाणी ही चारही संकटे भेटू शकतात. त्यांत आपले मुख्य नगदी पीक कांदा. उन्हाळी कांदा फाल्गुन-चैत्रात निघतो व चाळीत जातो. चाळ बांधण्याचा सारा उद्देशच हा, की काढणीच्या वेळची मंदी टाळून माल आषाढ, श्रावण, भाद्रपदात विकावा. पण चाळ असते शिवारात, बाजार असतो कळवणास किंवा अभोण्यास, आणि हे तीन महिने म्हणजे ऐन चिखलाचे. ज्याची पाणंद पावसाळ्यात बंद पडते, त्याची चाळ कितीही चांगली असली तरी ती कुलूप लावलेल्या तिजोरीसारखी होते. किल्ली आश्विनात मिळावयाची. मग तो शेतकरी एक तर वैशाखातच मिळेल त्या भावाने कांदा मोकळा करतो, किंवा भर पावसात ट्रॅक्टरने सडकेपर्यंत माल ओढून तेथे पुन्हा दुसऱ्या गाडीत भरतो. दोनदा भरणे व दोनदा उतरणे यांत मजुरी दुप्पट होते हे उघड आहे. पण त्याहून मोठे नुकसान असे की प्रत्येक हाताळणीत कांद्याची सालपट निघते, मार लागतो व ओल शिरते. मार लागलेला कांदा बाजारात निराळा ओळखू येतो. डाळिंब व टोमॅटो यांचीही गोष्ट याहून वेगळी नाही. कॅरेटमध्ये तळाला असलेले फळ पाणंदीतले खड्डे मोजत जाते.

तेव्हा वाटेचा प्रश्न हा केवळ सुखसोयीचा नसून भावाचा आहे. तरीही त्यावर आपण जो उपाय करतो तो बहुधा वाटेवर नसून गाडीवर असतो. जास्त जोराची गाडी घ्यावी, जाड टायर घालावे, हुशार चालक ठेवावा, आणि मग हाणावे. हा उपाय कोठवर टिकतो हे समजण्यासाठी गाडी रुतते म्हणजे काय होते ते थोडक्यात सांगतो.

रबरी टायरमध्ये हवेचा जितका दाब असतो, साधारण तितकाच दाब तो जमिनीवर टाकतो. भरलेली पिकअप तीन टनांच्या घरात जाते, आणि हा सारा भार तळहाताहून फारशा मोठ्या नसलेल्या चार ठिकाणांवर पडतो. कोरडी काळी जमीन हा भार सहज पेलते. परंतु तीच जमीन पाणी पिऊन फुगली की तिची ताकद नाहीशी होते, आणि टायरच्या खाचा चिखलाने भरून चाक गुळगुळीत होते. याच वेळी दुसरी अडचण उभी राहते. मागील आसाच्या मध्यभागी दंतचक्रांचा जो संच असतो, ज्यास चालक डिफरन्शियल म्हणतात, त्याचे काम वळणावर दोन्ही चाकांस निरनिराळ्या वेगाने फिरू देणे हे आहे. सडकेवर हा गुण आहे. चिखलात तोच दोष होतो. कारण एक चाक घसरू लागले की सारी गती त्याच चाकाकडे जाते आणि पक्क्या जमिनीवर असलेले दुसरे चाक स्वस्थ उभे राहते. अशा वेळी चालक जो जो रेस वाढवितो, तो तो घसरणारे चाक आपला खड्डा आपणच खोल करीत जाते व अखेर आस जमिनीवर टेकतो. बैल अशा जागी अडतो, मान टाकतो, आणि धन्यास विचार करावयास लावतो. यंत्र अडत नाही, ते रुतते. हा फरक न कळल्यामुळे क्लच जळणे, आस मोडणे, पाटे तुटणे हे खर्च दरसाल होतात, आणि ते कोणत्याच पिकाच्या हिशेबात लिहिले जात नाहीत.

यावर चालकाच्या शहाणपणाने काही गोष्टी साधतात हे खरे आहे, व त्या प्रत्येक गाडीवानास ठाऊक असाव्यात. चिखलाचा पट्टा समोर दिसताच आधी उतरून पायी चालून पाहावे. जेथे माणसाचा पाय घोट्यापर्यंत जातो तेथे भरली गाडी घालू नये. गिअर चिखलात शिरण्यापूर्वीच खालचा घ्यावा व मध्ये बदलू नये. गती मंद पण अखंड ठेवावी. चाक जागीच फिरू लागल्यास ताबडतोब थांबावे, आलेल्या चाकोरीतूनच मागे यावे, आणि चाकाखाली गोणपाट, तुराट्या, पळाट्या किंवा फळ्या घालाव्या. नदीच्या कोरड्या वाळूत टायरची हवा थोडी उतरविल्यास चाक पसरते व गाडी वर राहते. परंतु ही युक्ती रिकाम्या किंवा हलक्या गाडीपुरतीच, आणि सडकेवर येताच हवा पुन्हा भरली पाहिजे. नाहीतर टायर तापून फुटतो. सरळ चढावे आणि सरळ उतरावे. उतारावर आडवी गाडी घालणे म्हणजे ती उलथविणे. उतरताना चढताना लागला असता तोच खालचा गिअर ठेवावा. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रल करून, किंवा त्याहून वाईट म्हणजे इंजिन बंद करून, घाट उतरण्याची काही चालकांची खोड आहे. इंजिन बंद होताच ब्रेकला मिळणारे साहाय्य थांबते आणि पायाखाली दगड असल्यासारखा ब्रेक कठीण होतो. चार घोट डिझेलसाठी केलेला हा सौदा फार महाग पडतो. चढावर गाडीचा दम सुटला तर क्लच दाबून ती मागे घरंगळू देऊ नये, की वळविण्याचा प्रयत्न करू नये. ब्रेकवर उभी करून, रिव्हर्स गिअर टाकून, सरळ रेषेत खाली आणावी.

पाण्याविषयी निराळे सांगितले पाहिजे, कारण ओढ्याचे पाणी चिखलाप्रमाणे इशारा देत नाही. वाहत्या पाण्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. सुमारे एक फूट खोल वेगाचे पाणी लहान मोटारीस जागेवरून हलवू शकते, आणि दोन फूट पाण्यात बहुतेक गाड्या तरंगू लागतात. डोंगरात वर पाऊस झाला म्हणजे खाली ऊन असतानाही आपल्या ओढ्यांस लोंढा येतो, हे जुन्या माणसांस सांगावयास नको. फरशीवरून पाणी जात असता 'रोजची वाट आहे' या भरवशावर गाडी घालणारा माणूस हे विसरतो की वाट रोजची असली तरी पाणी रोजचे नसते. पाण्याखालची फरशी कालच्या रात्री वाहून गेली असेल तर ती वरून दिसत नाही. येथे एकच नियम आहे: थांबावे. तासाभराने कांदा कुजत नाही.

परंतु चालकाच्या शहाणपणावर सर्व भार टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. कारण या गाड्यांत केवळ कांदा जात नाही, माणसेही जातात. लावणीच्या, निंदणीच्या व काढणीच्या दिवसांत पहाटे पाड्यापाड्यांवरून मजुरांच्या टोळ्या पिकअपमध्ये उभ्या करून शेतावर आणल्या जातात. संध्याकाळी त्याच मजूर स्त्रिया भरलेल्या मालावर बसून परत जातात. चैत्रात सप्तशृंगगडाच्या यात्रेस मालगाड्यांत दाटी करून निघालेले भाविकही आपण पाहतो. गाडी बनविणाऱ्याने तिचा तोल कांद्याच्या गोण्या धरून बसविलेला असतो. गोणी वळणावर एका बाजूस झुकत नाही, घाबरून एकाच फळीकडे धावत नाही; माणसे तसे करतात. उंचावर उभ्या माणसांमुळे गाडीचा भारमध्य वर जातो, आणि जी पाणंद मालासाठी नुसती त्रासाची असते ती माणसांसाठी प्राणघातक होते.

हे कल्पनेचे भय नव्हे. ११ ऑगस्ट २०२५ रोजी, श्रावणी सोमवारी, पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यात पाईटजवळ कुंडेश्वराच्या दर्शनास निघालेल्या स्त्रियांची पिकअप चढावर दम सुटून मागे घरंगळली व खाली कोसळली; दहा किंवा त्याहून अधिक स्त्रिया प्राणांस मुकल्या. त्याच वर्षी ४ एप्रिल रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात मजूर स्त्रियांस शेतावर नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत गेला व सात स्त्रिया बुडाल्या. आणि आपल्या अगदी दाराशी, २८ जानेवारी २०२० रोजी, देवळा तालुक्यात मेशीजवळ धुळ्याहून कळवणकडे येणारी एस.टी. बस व एक रिक्षा परस्परांवर आदळून रस्त्याकडेच्या विहिरीत पडल्या, आणि पंचवीसहून अधिक माणसे दगावली. हा शेवटचा अपघात तर मोठ्या सडकेवरचा होता. मग ज्या पाणंदींच्या कडेस हातभर अंतरावर कठडा नसलेल्या विहिरी आहेत, त्या पाणंदींत पावसाळी संध्याकाळी निसरड्यावरून माणसांनी भरलेली गाडी नेण्याचा अर्थ काय होतो, याचा विचार ज्याच्या शेतात ती विहीर आहे त्याने आणि ज्याच्या कामावर ती माणसे येतात त्याने, दोघांनीही करावा.

ज्यांस माणुसकीचा युक्तिवाद पुरेसा वाटत नाही त्यांच्यासाठी पैशाचाही आहे. मालगाडीतून प्रवासी नेणे हा मोटार कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, हे सर्वांस ठाऊक आहे. पण विम्याची गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. १९९४ च्या दुरुस्तीने मालाबरोबर जाणारा मालाचा धनी किंवा त्याचा प्रतिनिधी यास विम्याचे संरक्षण मिळाले. परंतु मालगाडीत फुकट बसलेल्या इतर प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधलेली नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी यांच्या खटल्यात डिसेंबर २००२ मध्ये दिला. अर्थात 'जाता जाता बसवून घेतले' म्हणून झालेल्या मृत्यूचा भार शेवटी गाडीच्या मालकावर, म्हणजे पुष्कळदा आपल्यासारख्याच एका खातेदारावर, येऊ शकतो, आणि तो जमीन विकूनही फिटत नाही. मजुरांची ने-आण प्रवासी परवान्याच्या गाडीने, सडकेपर्यंतच करावी व पुढे पाऊलवाटेने चालावे. यास दहा-पंधरा मिनिटे जास्त लागतील. ती मिनिटे रोजात धरावीत. मजुराच्या माथी मारू नयेत.

येथे कोणी म्हणेल की चारही चाकांस शक्ती देणाऱ्या गाड्या आता मिळतात. त्या घेतल्या की प्रश्न मिटला. आमचे उत्तर असे की अशी गाडी एका शेतकऱ्याची अडचण काही दिवस दूर करते व शेजारच्या नऊ जणांची वाढविते. ती जेथून जाते तेथे चाकोऱ्या अधिक खोल करून जाते. मागून येणारी साधी गाडी त्यांत पोटावर बसते. बैलगाडीची लोखंडी धाव अरुंद असे, पण ओझे थोडे व गती मंद असल्यामुळे पाणंद पावसाळाभर मोडकीतोडकी का होईना चालू राही. आता तीन टनांची गाडी व तिच्याहून जड ट्रॅक्टर-ट्रॉली एकाच ओल्या दिवशी जी नासाडी करतात, ती उन्हाळ्यापर्यंत सुधारत नाही. शिवाय चार चाकांस शक्ती मिळाली म्हणून ब्रेक चौपट होत नाही, की पूर उतरत नाही. जोराची गाडी चढ चढविते. उतारावर ती इतर गाड्यांसारखीच असते, फक्त चालकाचा विश्वास वाढलेला असतो.

खरा प्रश्न मग पाणंदीपाशी येतो, आणि येथे आम्हांस थोडे अप्रिय बोलणे भाग आहे. गावाचा जुना नकाशा उघडून पाहिला तर शिवारातील पुष्कळ पाणंदी त्यावर स्पष्ट दाखविलेल्या असतात, आणि दोन गाड्या सहज टळतील इतकी रुंदी जुन्या लोकांच्या स्मरणातही असते. आज तीच पाणंद कोठे आठ फूट, कोठे पाच फूट, तर कोठे नुसता बांध उरली आहे. ती जमीन कोणी परक्याने नेली नाही. दरवर्षी नांगराचे एक तास आत सरकले, बांध कोरला गेला, काटेरी कुंपण वाटेत आले, ठिबकची नळी आडवी टाकली गेली, आणि शेताचे जादा पाणी वाटेत सोडले गेले. ज्याने दोन तासे जमीन मिळविली त्याच्या कांद्याची गाडी श्रावणात त्याच दोन तासांत रुतते. एका गुंठ्याच्या लोभाने सबंध शिवाराची चाळ अडवून धरणे हा व्यवहार कोणत्याही हिशेबाने फायद्याचा ठरत नाही. वर त्यातून भाऊबंदकी, मारामाऱ्या व वर्षानुवर्षांचे दावे उत्पन्न होतात ते निराळेच.

कायदा या बाबतीत अगदीच पांगळा नाही. १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम ५ प्रमाणे शेतात जाण्याची वहिवाटीची वाट कोणी अडविली तर तहसीलदारास अडथळा दूर करविता येतो; मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावला पाहिजे. ही मुदत पुष्कळांच्या हातून निसटते. 'सुगी झाली की बघू' म्हणत सुगीबरोबर हक्कही जातो. जेथे वाटच नाही तेथे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम १४३ खाली दुसऱ्याच्या शेताच्या बांधावरून वाट मागता येते. २०२१ साली शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढून या कामांची रोजगार हमीशी सांगड घातली. आणि २०२५ च्या मे महिन्यात शेतरस्ता तीन ते चार मीटर रुंद असावा व त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत व्हावी असा निर्णय केला. या नोंदीचे महत्त्व मोठे आहे. तोंडी वहिवाट बापाबरोबर जाते. लिहिलेली वहिवाट मुलाच्या हाती येते. तरीही आमचा अनुभव असा की दाव्याने मिळविलेली वाट शेजाऱ्याच्या मनात सलत राहते, व सर्वांनी बसून, मोजणी करून, दोन्ही बाजूंनी सारखे मागे सरून केलेली वाट टिकते. दावा हा अखेरचा उपाय समजावा, पण मुदत मात्र पहिल्या दिवसापासून मोजावी.

वाट मोकळी झाल्यावर ती बांधावी कशी, याविषयी दोन शब्द. पाणंदीचा शत्रू गाडी नसून पाणी आहे. यास्तव प्रथम दोन्ही कडांस चर खणावे व ते ओढ्यास नेऊन सोडावे. वाटेचा मध्य कडांपेक्षा वीतभर उंच ठेवावा म्हणजे पाणी साचणार नाही. काळ्या जमिनीत नुसता मुरूम पसरणे म्हणजे तो चिखलास खाऊ घालणे होय. वरची फूटभर काळी माती काढून शेतांत टाकावी, आणि तिच्या जागी मुरमाचे दोन थर, प्रत्येक थरास पाणी मारून व रूळ फिरवून, द्यावे. जेथे चारी किंवा पाट वाट ओलांडतो तेथे सिमेंटची नळी घालावी. हे एक काम टाळल्यामुळे कित्येक चांगल्या पाणंदी पहिल्याच पावसात तुटतात. काही अंतराने गाड्या टळण्याजोगी रुंद जागा ठेवावी. आणि वाटेकाठच्या प्रत्येक विहिरीस कमरेइतका पक्का कठडा बांधावा; तो बांधल्याखेरीज पाणंदीचे काम पुरे झाले असे कोणी म्हणू नये.

बांधण्याहून राखणे अधिक महत्त्वाचे आहे, व येथे परदेशातील एका शेतकऱ्याचे उदाहरण देण्याजोगे आहे. अमेरिकेतही विसाव्या शतकाच्या आरंभी शेतवाटा मातीच्याच होत्या व पावसाळ्यात बंद पडत. मिसूरी प्रांतातील वॉर्ड किंग नावाच्या शेतकऱ्याने एक ओंडका उभा चिरून, त्याच्या दोन फाळी एकमेकींस जोडून, पाऊस उघडल्यावर घोड्यांकडून तो आपल्या दारापुढील वाटेवरून तिरपा ओढविण्यास सुरुवात केली. ओलसर मातीचे उंचवटे खरवडले जाऊन चाकोऱ्या भरल्या, माती मध्याकडे सरकून वाट फुगीर झाली, व पुढचा पाऊस वरून निघून गेला. ही युक्ती इतकी स्वस्त व इतकी उपयुक्त ठरली की तिचा प्रसार त्या देशात दूरवर झाला. तेथील सरकारने ग्रामीण रस्त्यांसाठी मोठा पैसा देणारा कायदा १९१६ साली केला. पण तोवर शेतकरी हात जोडून बसला नव्हता. आपल्याकडे मैंद आहे, फळी आहे, ट्रॅक्टरही आहेत. प्रत्येक मोठ्या पावसानंतर, माती हातास न चिकटता मुठीत वळते अशा वेळी, ज्याने त्याने आपल्या बांधापुरती वाट एकदा फळीने ओढली तर पुढचा मुरमाचा खर्च पुष्कळ वाचेल. त्याचबरोबर जोराचा पाऊस उघडल्यावर एक दिवस पाणंदीत जड गाडी घालू नये, असा नियम शिवारातील खातेदारांनी आपसांत ठरवावा. एका दिवसाची वाट पाहणे हे महिन्याभराच्या चाकोऱ्यांपेक्षा स्वस्त आहे. दवाखान्यास न्यावयाचा रुग्ण मात्र या नियमास अपवाद. आणि ज्या पाड्यांवरून अजूनही रुग्णास झोळीत घालून डांबरी सडकेपर्यंत आणावे लागते, त्या पाड्यांच्या वाटांस मुरमाचा पहिला हक्क असावा, कांद्याचा त्यानंतर.

'हे सारे सरकारचे काम आहे' असे म्हणणाऱ्यांशी आमचा वाद नाही. पैसा सरकारचाच लागेल, व तो मागावा, पुन्हा पुन्हा मागावा. परंतु सरकार मुरूम देऊ शकते. बांधावरून एक तास मागे सरण्याची बुद्धी देऊ शकत नाही. जेथे जागाच मोकळी नाही तेथे मंजूर झालेला निधीही परत जातो, आणि मग दोष कोणास द्यावयाचा हा प्रश्न उरतो.

यास्तव आमचे मत थोडक्यात असे आहे. मोटार हे शेतकऱ्याचे चांगले साधन आहे, परंतु ती वाटेची जागा घेऊ शकत नाही. गाडीवर खर्च करण्यापूर्वी पाणंदीवर करावा. मालगाडीत माणसे बसवू नयेत. स्वतःच्या घरची नाहीत तेव्हा तर मुळीच नव्हे. भरल्या फरशीवर गाडी घालू नये. आणि येत्या उन्हाळ्यात कांदा चाळीत पडल्यावर, पहिला वळीव येण्यापूर्वी, प्रत्येक गावाने ग्रामसभेत नकाशा मांडून निदान एक पाणंद मोजून घ्यावी, तिचे चर खणावे व तिच्या काठच्या विहिरींस कठडे बांधावे. एका शिवाराची एक वाट पावसाळाभर चालू राहिली, तर श्रावणात तिच्यावरून बाजारास जाणारा कांदा पाहून शेजारचे शिवार आपोआप कामास लागेल. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या बांधास पाणंद लागून आहे त्यांनी आरंभ स्वतःच्या बांधापासून करावा, एवढीच आमची विनंती आहे.